खिंडीत थांबा : एका दिवसाची घाटवाट आणि वेळेचं गणित

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना होणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

डहाणू लोकलमध्ये हेडफोन लावून दारात उभे असाल, नाहीतर तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट संपवून बोईसर स्टेशनकडे चालला असाल, तर विरार यायच्या आत हा भाग संपेल. आज विषय घाटवाटांचा. कोकणातून चढायचं, घाटमाथ्यावर पोचायचं आणि त्याच दिवशी खाली यायचं. लांबलचक, दमवणारी, एका दिवसाची चाल.

सुरुवात एका कबुलीने करतो. एका जानेवारीत, रविवारी रात्री नऊ वाजता मी माझ्या मामीला फोनवर सांगितलं, “मामी, गाडी पंक्चर झालीये, आज इथेच मुक्काम करतो.” गाडी ठणठणीत होती. मामीचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, माझ्यासमोर एका अनोळखी घराच्या पडवीत गोधडीत गुरफटून पडला होता. त्याला सकाळपासून आम्ही चालवत होतो आणि त्याच्या पायात गोळे येणं अजून थांबलं नव्हतं. ते कसं झालं आणि कुठे टळू शकलं असतं, तेच आज सांगणार आहे. पण आधी घाटवाट म्हणजे काय ते समजून घेऊ.

आपल्या दारातली खिंड

पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंड लागते. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ती एसटीच्या खिडकीतून पाहिली असेल. रस्ता वळणं घेत चढतो आणि खिंडीत वाघोबाचं देऊळ येतं. बरेच ड्रायव्हर तिथे गाडी हळू करतात, कोणी हात जोडतं, कोणी उतरून नारळ फोडतं. वाघोबा हा वारली आणि इतर आदिवासी समाजांचा देव. वाघ-बिबट्याच्या रानातून ये-जा करायची, गुरं चारायची, तर त्या रानाच्या मालकाला विचारून जायचं, अशी त्यामागची भावना. काळदुर्ग किल्ल्याची वाटही याच खिंडीतून सुटते.

आता प्रश्न असा की देव खिंडीतच का? डोंगराची रांग लांबच्या लांब पसरलेली असते, पण ओलांडता येईल अशी जागा एखादीच. त्यामुळे इकडचा-तिकडचा प्रत्येक माणूस, प्रत्येक बैल त्याच चिंचोळ्या जागेतून जातो. चढ संपलेला असतो, उतार सुरू व्हायचा असतो. सगळे थांबतात, दम खातात. खंडाळ्याच्या बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे, तिथेही लोक थांबत आलेत. इंग्रजांना घाटातून वाट दाखवणारा धनगर तो, असं सांगतात. हे ‘थांबणं’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कड्याला वाट कुठून फुटते?

सह्याद्रीची कोकणाकडची बाजू भिंतीसारखी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यातून दख्खनचं पठार बनलं. हे थर आडवे आहेत. काही टणक, काही ठिसूळ. टणक थर झिजताना उभा कडा होतो, ठिसूळ थर झिजून सपाटी होते. म्हणून खालून बघितलं की डोंगर जिन्यासारखा दिसतो : कडा, मग झाडीची पट्टी, परत कडा. त्या झाडीच्या पट्टीला आपल्याकडे ‘पदर’ म्हणतात. लुगड्याच्या पदरासारखी ती डोंगराला गुंडाळलेली असते.

पण कडे चढायचे कसे? दोन मार्ग. एक म्हणजे डोंगराची उतरती ‘सोंड’ किंवा ‘धार’, जिच्यावरून सावकाश वर जाता येतं. दुसरा म्हणजे ‘नाळ’ किंवा ‘नळी’. पावसाच्या पाण्याने कड्यातली कमकुवत रेघ कापत नेलेली असते आणि तिथे मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली उभी घळ तयार होते. बहुतेक घाटवाटा या सगळ्याचं मिश्रण असतात. पायथ्याचं रान, मग सोंड, मग पदरातली आडवी चाल, मग नाळ, आणि शेवटी वर खिंड. यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या वेगाने चालायचा असतो. नवखा माणूस किलोमीटर मोजतो आणि इथेच फसतो. गुगलवर पाच किलोमीटर दिसतात. बोईसर स्टेशनहून पाच किलोमीटर चालणं आणि नाळेतले पाच किलोमीटर यांची तुलनाच करू नका.

सोपाऱ्याहून निघालेली वाट

आमची फजिती झाली ती नाणेघाटात. हा घाट ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातून पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरकडे चढतो. कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर टोकावडे सोडलं की वैशाखरे येतं, त्या बाजूने पायवाट सुरू होते. वर पोचलात की घाटघर, तिथून पुढे जुन्नर.

पालघरवाल्यांना हा घाट परका वाटायचं कारण नाही. आपल्या जिल्ह्यातलं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात मिळाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती देणारं ‘पेरिप्लस’ लिहिलं, त्यात सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांची नावं आहेत. बंदरात उतरलेला माल जुन्नर, पैठणकडे न्यायचा तर मध्ये सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीतलं एक मोठं दार म्हणजे नाणेघाट. आपण ज्याला ‘ट्रेक’ म्हणतो, ते तेव्हाच्या हमालांचं आणि बैलांचं रोजचं काम होतं.

घाटाच्या तोंडाशी एक कोरलेली गुहा आहे. आत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला. त्यात यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. समोरच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे होते. आता वर कोरलेली नावं आहेत आणि खाली फक्त पावलांच्या खुणा.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला त्यातले आकडे जास्त आवडतात. भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरीव आकड्यांमध्ये ते मोजले जातात आणि एकपासून वीस हजारांपर्यंत जातात. शून्य नाही. दहासाठी वेगळं चिन्ह, शंभरासाठी वेगळं, हजारासाठी वेगळं. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चारचं चिन्ह जोडायचं.

गुहेच्या वर, खिंडीतून बाहेर पडलं की दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे, असं सांगतात. म्हणजे इथेही थांबणं आलंच. थांबायचं, हिशेब चुकता करायचा, मग पुढे.

वेळेचं गणित

१८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधं सूत्र दिलं. आजच्या मापात सांगायचं तर दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा वाट पाच किलोमीटरची आणि चढ ६०० मीटरचा. मग झाले दोन तास.

पण हे सूत्र धडधाकट माणसासाठी, थंड हवेतलं आणि विश्रांती न धरता. आपण राहतो समुद्रसपाटीला, दिवसभर खुर्चीत नाहीतर मशीनपुढे, आणि चालतो सुट्या धोंड्यांवर. म्हणून मी येणाऱ्या आकड्याला सरळ दीडने गुणतो. दोनाचे तीन तास झाले.

आता उलटा हिशेब करायचा. सुरुवात पहाटेपासून नाही, सूर्यास्तापासून. जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य साधारण सव्वासातला उगवतो आणि सहा वीसच्या आसपास मावळतो. उजेड मिळतो अकरा तास. आमचा बेत होता नाणेघाट चढून पुढे जीवधन किल्ला करायचा आणि त्याच वाटेने परत उतरायचं. घरी बसून मी एक्सेलमध्ये असं मांडलं होतं :

सूर्यास्त ६:२०. एक तास राखीव, म्हणजे ५:२० ला पायथ्याला पोचायचं. घाट उतरायला अडीच तास, म्हणजे २:५० ला खिंड सोडायची. खिंडीतून जीवधन करून परत यायला चार तास, म्हणजे १०:५० ला जीवधनकडे निघायचं. थोडी कसर ठेवून १०:३० ही मर्यादा. साडेदहानंतर खिंडीत पोचलो तर जीवधन रद्द.

गणित बरोबर होतं. आजही मी त्यात फार बदल करणार नाही.

मग चुकलं कुठे?

मामेभाऊ एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे. शनिवारी त्याची सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटली. दोन वाजता आम्ही चौघं दोन बाईकवर निघालो. चिल्हार, मनोर, वाडा करत मुरबाड गाठलं. वैशाखऱ्याला सहाला पोचलो. कडाक्याची थंडी. चहा, पोहे, परत चहा, फोटो. ‘साडेसहाला चालायला सुरुवात’ असं एक्सेलमध्ये लिहिलं होतं, प्रत्यक्षात आठ वाजले.

खिंडीत पोचलो तेव्हा घड्याळात ११:४० झाले होते. मर्यादेवर एक तास दहा मिनिटं.

मी नियम वाचून दाखवला. हो, खरंच, मोबाइल काढून वाचून दाखवला. एक जण म्हणाला, “अरे, एवढ्या लांब आलोय.” दुसरा म्हणाला, “उतरताना पळत उतरू.” मी मामेभावाकडे बघितलं. तो रांजणाला टेकून बसला होता. म्हणाला, “दादा, तुम्ही म्हणाल तसं.” ते मी ‘हो’ असं धरलं.

जीवधनच्या वाटेवर कल्याण दरवाज्याच्या बाजूला तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी एक कातळटप्पा आहे. तिथे त्याच्या मांडीत पहिला गोळा आला. वरून वानरलिंगीचा सुळका काय सुरेख दिसत होता, पण त्याने तिकडे बघितलंही नाही. त्याला मळमळत होतं. परत नाणेघाटात आलो तेव्हा पाच वाजले होते. सूर्य मावळला तेव्हा आम्ही अजून घाटातच होतो.

गंमत बघा, घाटात आम्ही चुकलो नाही. घाट दोन्ही बाजूंनी बंद, वाट दगडी, चुकायला जागाच नाही. चुकलो ते खाली. जिथे चढ संपतो आणि झाडी सुरू होते, तिथे गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा चहूकडे फुटतात. सकाळी उजेडात, खालून वर जाताना सगळ्या वाटा डोंगराकडेच येतात. रात्री, वरून खाली येताना त्याच वाटा पंख्यासारख्या पसरतात. सव्वासात ते आठ आम्ही एका कोरड्या ओढ्यात फिरत होतो. चौघांत एक टॉर्च, ती माझ्या मोबाइलची, आणि बॅटरी नऊ टक्के. मामेभाऊ दर दहा पावलांवर बसत होता.

मग लांबून बॅटरीचा उजेड आला. आमचा आरडाओरडा ऐकून जवळच्या पाड्यावरचे एक काका आले होते. जवळ आले, चौघांच्या तोंडावर उजेड मारला आणि म्हणाले, “घाटात कोणी चुकत नाय रे पोरांनो. हितं खाली येऊनच चुकतात.” मग मामेभावाला हाताला धरून उठवलं. त्यांच्या घरी गरम पेज मिळाली. त्याच पडवीतून मी मामीला फोन केला आणि पंक्चरची गोष्ट सांगितली.

सोमवारी त्याचा खाडा पडला, एक दिवसाचा पगार गेला. पण मला लागलं ते त्यानंतर आठवड्याने तो जे बोलला ते. “दादा, खिंडीतच मला नको वाटत होतं. पण तुम्ही तिघं उभे राहिलात ना, मग मी कसा बसून राहणार?”

फोन काय करू शकतो, काय नाही

आपण सगळे मोबाइलच्या भरवशावर जातो, म्हणून थोडं तांत्रिक. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. तुमचा फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो आणि स्वतःची जागा काढतो. नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवायला. म्हणून घरीच तो भाग ऑफलाइन उतरवून ठेवा आणि वाटेचा ट्रॅकही.

घाटात बॅटरी इतकी झरझर का उतरते? दरीत सिग्नल कमजोर असतो, त्यामुळे फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि जास्त ताकदीने हाका मारतो. एअरप्लेन मोड लावा, जीपीएस चालू ठेवता येतं. आमच्यापैकी एकानेही तो लावला नव्हता. चार इंजिनीअर-टेक्निशियन, आणि एकालाही सुचलं नाही.

दुसरं, नाळेत जीपीएसवर आंधळा विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंच्या कड्यांनी आकाशाचा बराच भाग झाकलेला असतो आणि सिग्नल कड्यावर आपटून उशिरा येतात, त्यामुळे नकाशावरचा ठिपका भलतीकडे सरकतो. दोन वाटांमध्ये पंधरा मीटरचं अंतर असेल तर तो ठिपका तुम्हाला कुठली खरी ते सांगू शकत नाही. सकाळी चढताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून एक फोटो काढा. परत येताना वाट तशीच दिसणार असते. या सवयीला सिग्नलही लागत नाही.

आणि हेडटॉर्च. प्रत्येकाकडे एक. मोबाइलची टॉर्च ही टॉर्च नाही, ती तुमच्या शेवटच्या फोन कॉलची बॅटरी आहे.

घाम, पाणी, मीठ

नाणेघाटाचं तोंड पश्चिमेला, कोकणाकडे आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो, त्यामुळे चढाची वाट बराच वेळ सावलीत राहते. दुपारी तोच कातळ तापतो. म्हणून पहाटे निघायला सांगतात, त्यात शिस्तीपेक्षा सावलीचा हिशेब जास्त आहे. आम्ही दीड तास चहा-पोह्यांत घालवला, तेव्हा वेळेबरोबर ती सावलीही घालवली.

घाम सुकतो तेव्हा अंग थंड होतं. कोकणातल्या दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता गळतो. पाणी जातं, मीठ जातं, गारवा मिळत नाही. माणशी तीन ते चार लिटर पाणी घ्या. पण नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं. ओआरएसच्या पुड्या ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नाणेघाटात कोरीव टाकी आहेत, पण ते पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

गोळे येणं, मळमळ, चक्कर, खूप घाम ही पहिली घंटा. सावलीत बसवा, कपडे सैल करा, ओआरएस घोटघोट द्या, आणि त्या दिवसाचा चढ संपला असं समजा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ११२ ला फोन लावा. राज्यात डोंगरातल्या बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा नंबर निघायच्या आधीच सेव्ह करा.

आणि रात्रपाळी किंवा सेकंड शिफ्ट करून, न झोपता घाट चढू नका. झोप न झालेल्या माणसाला किती दमलोय तेही नीट कळत नाही. हे मी दुसऱ्याच्या पोरावर शिकलो, याची लाज आजही वाटते.

खिंडीतला नियम

आता त्या ‘थांबण्या’कडे येऊ. खिंडीत पोचल्यावर आपण काय करतो? सेल्फी, रील, आणि पुढे. ओझं घेऊन जाणारी माणसं तिथे बसायची, जकात द्यायची, देवाला हात जोडायची. यात पुण्य किती मिळत होतं ते मला माहीत नाही, पण पाय मोकळे व्हायचे आणि पुढचा विचार व्हायचा. आता आमचा चौघांचा नियम असा आहे :

एक. खिंडीत पंधरा मिनिटं सगळ्यांनी खाली बसायचं. उभं राहून निर्णय नाही.

दोन. घड्याळ आणि पाणी दोन्ही मोजायचं. घरी ठरवलेली वेळ टळली असेल, किंवा निम्म्याहून जास्त पाणी संपलं असेल, तर पुढचा बेत रद्द. चर्चा नाही. नियम खाली, शुद्धीत असताना बनवलेला असतो. वर आपण त्याच्याशी वाद घालायला लायक नसतो.

तीन. सगळ्यात मागे चालणाऱ्याला सगळ्यात आधी विचारायचं. आणि प्रश्न ‘जायचं ना?’ असा नाही विचारायचा. ‘परत फिरायला तुझी काही हरकत?’ असं विचारायचं. मग थकलेल्या माणसाला सगळ्यांच्या विरोधात ‘नाही’ म्हणावं लागत नाही.

शेवटचं साधं वाटतं, पण आमची पूर्ण फजिती त्या एका प्रश्नात होती.

तयारी कुठे करायची?

लांब जायची गरज नाही. वाघोबा खिंडीतून काळदुर्ग चढा, उतरा, आणि न बसता परत एकदा चढा. दुसऱ्या फेरीला किती वेळ जास्त लागला ते लिहून ठेवा. हा तुमचा खरा आकडा, नेस्मिथचा नाही. मग तांदुळवाडी, कोहोज, अशेरीगड करा. उतरतानाचा वेळ मुद्दाम मोजा, कारण घाटात गुडघे बोलायला लागतात ते उतारावर. हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात नाणेघाटात वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो, ते बघायला गर्दी होते. पण ओल्या कातळावर आणि धुक्यात लांबचा बेत आखू नका.

पुढच्या वर्षी जानेवारीत आम्ही तेच चौघं परत नाणेघाटात गेलो. या वेळी शनिवारी दुपारीच मुरबाडकडे निघालो, रात्री नीट झोपलो. मामेभावाला पुढे चालायला लावलं, सगळ्यांनी त्याच्या वेगाने चालायचं. खिंडीत १०:४० ला पोचलो. दहाच मिनिटं उशीर. बसलो. मी त्याला विचारलं, “परत फिरायला तुझी काही हरकत?”

तो घड्याळाकडे बघून हसला. “साडेदहा ठरलं होतं ना दादा? मग झालं.”

जीवधन राहिला. आम्ही गुहेत दोन तास बसून नागनिकेचे आकडे शोधत राहिलो. शंभरचं चिन्ह त्याला सगळ्यात आधी सापडलं. भाकरी-ठेचा खाल्ला आणि दुपारी साडेतीनला पायथ्याच्या रानात होतो. उजेडात त्या ढोरवाटा बघितल्या, तर आमचा तो ओढा मूळ वाटेपासून जेमतेम हाकेच्या अंतरावर होता.

काकांच्या घरी गुळ-शेंगदाणे आणि एक चांगली बॅटरी देऊन आलो. संध्याकाळी मामीला फोन केला, आणि या वेळी आधीच्या वर्षीचं खरं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पुढच्या वेळी निघायच्या आधी सांगून जा, कुठल्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत.” घाटवाटेचा हा नियम मी यादीत सगळ्यात वर टाकायला हवा होता. आता टाकलाय.

तुमचा काळदुर्गाच्या दुसऱ्या फेरीचा आकडा काय येतो ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर दारातून थोडं आत उभे राहा, विरार आलंच.